चुन्याचा पट्टा

काजूची लागवड करायची म्हणून माझ्या थोरल्या चुलतभावाने, अण्णाने, डोंगराकडची जंगली झाडं तोडायला काढली होती. सकाळी त्याच्याबरोबर तिकडे गेलो, तर जुन्या बेहड्याच्या बुंध्यावर चुन्याचा ताजा पट्टा. या बेहड्याच्या ढोलीत दरवर्षी धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला बारीक फटीतून भरवतो. आत्ताही तो चोचीत उंबर घेऊन आला होता.

"अण्णा, हाही जाणार?"

"चुना लावलेलं ठेवायचं असतं," अण्णा म्हणाला. "तोडायचं त्याला खूण कशाला?"

शहरात झाडावर रंग दिसला की समजावं, रस्ता रुंद होणार. राखायच्या झाडालाही कोणी खूण करत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. करवतीचा आवाज पार पलीकडच्या टोकाकडून येत होता.

"याच्या सावलीत चार काजू कमी बसतील," मी म्हटलं.

"बसू देत. बाकी डोंगर काजूचाच आहे." मग ढोलीकडे बघत तो म्हणाला, "आत बाळंतीण आहे. जरा हळू बोल."