लेकीची सायकलवरची जागा

लेक तेरा महिन्यांची असताना माझ्या सायकलच्या चाकात तिचा पाय गेला.

गोव्यात साखळीजवळच्या एका गावात मी बालवाडी चालवायचे. गोवा राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. आम्ही नवराबायको सावंतवाडीकडचे, साखळीत भाड्याच्या खोलीत राहत होतो. नवरा खाणीवरचा ट्रक चालवायचा. लेकीला सांभाळायला घरी कुणी नव्हतं, म्हणून कॅरिअरवर उशी बांधायची, तिला जुन्या लुगड्यानं माझ्या कमरेशी आवळायचं आणि निघायचं. त्या दिवशी उतारावर ती एकदम किंचाळली. टाचेची साल निघाली होती. हाड वाचलं, एवढंच.

नवरा रागावला नाही. टाचेला मलम लावता लावता म्हणाला, "कायतरी बरा बघूक होया." तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. पुढचे तीन आठवडे मी तिला कडेवर घेऊन पायी गेले.

जखम भरल्यावर एका शुक्रवारी म्हापशाला गेले. सायकलवाल्यानं दोन प्रकार दाखवले. एक दांड्यावर बसवायची लोखंडी सीट. पण माझी लेडीज सायकल, तिला दांडाच नव्हता. दुसरी वेताची खुर्ची, कॅरिअरवर आवळायची. लेकीला तीत बसवून पाहिलं, तर तिचे पाय नेमके चाकाशेजारी लोंबकळले. काही न घेता मी तिथूनच हरमलची बस धरली. माझी थोरली बहीण तिथं दिलेली होती.

ताईच्या एका खोलीत परदेशी जोडपं उतरलं होतं. त्यांच्या सायकलमागं दोन चाकांची छोटीशी गाडी जोडलेली, वर कापडी टप आणि आत त्यांचं बाळ गाढ झोपलेलं. असलं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या बाईनं आपलं बाळ उचलून घेतलं आणि लेकीला आत बसवायची खूण केली. मी माडांमधल्या वाटेनं सायकल हाकली. लेक मागं खिदळत होती. पाय आत, चाक लांब, पडली तरी वीतभर उंचीवरून.

परत आले तर ताई म्हणाली, "ती म्हणता, आठ दिसांनी आमी जातलों, गाडी व्हरूची नाय. तुका होयी तर घेवन जा."

मी हरखून घरी आले आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. "ती गाडी किती उंच?" एवढंच विचारलं. मी गुडघ्याच्या वर हात धरून दाखवला.

रविवारी त्यानं ट्रक माळावर उभा केला आणि मला लेकीसकट केबिनमध्ये चढवलं. मग माझी सायकल घेऊन तो ट्रकपुढं उभा राहिला. सायकलमागं दोरीनं तेलाचा रिकामा डबा बांधला होता.

"डबो दिसता?"

"नाय."

तो चार पावलं पुढं गेला. "आता?"

मी स्टिअरिंगवर वाकून, मान ताणून पाहिलं. त्याचं डोकं, खांदे दिसत होते. "नाय ओ."

मग त्यानं डबा उचलून कॅरिअरवर ठेवला. आता तो लख्ख दिसला.

आमच्या रस्त्यावर एकामागोमाग ट्रक, आणि त्यांच्या तांबड्या धुळीत समोरचं माणूस धूसर व्हायचं. खाली उतरल्यावर मी विचारलं, "मगे तुमी रोज कशे चालवतास?"

"भीतभीत," तो म्हणाला. लग्नाला तीन वर्षं झाली होती, तरी त्याची ही भीती मला ठाऊक नव्हती. लेक पडेल, तिला लागेल, या भीतीनं मी आजवर चाकं नि पट्टे बघत हिंडले होते. वरून तिच्याकडे कोण बघतंय, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

ती गाडी ताईनं ठेवून घेतली. हरमलच्या वाटांवर ती चांगलीच होती; पुढं कितीतरी दिवस ताई तिच्यातून सुकी मासळी न्यायची.

मी वेताची खुर्ची आणली. नवऱ्यानं जुन्या टायरचं रबर कापून चाकाच्या दोन्ही बाजूंना पडदे लावले, पाय टेकायला पट्ट्या ठोकल्या. पहिल्या दिवशी लेकीला खुर्चीत बसवून मी बालवाडीला निघाले. मागून ट्रक आला, तशी मी कडेला घेऊन थांबले. ट्रकही थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"वयनी, तुमी जावा पुढं. घोव तुमचो सगळ्यांक सांगून गेलोहा, वेताची खुर्ची दिसली की गाडी हळू मारूची."

त्यानंतरची दोन वर्षं लेक त्या खुर्चीतून माझ्या पदराचं टोक मुठीत धरून आली. त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी मी नवऱ्याला ट्रकवाल्याच्या बोलण्याचं विचारलं. तो जेवत होता. "लोणचा वाढ जरा," म्हणाला, आणि मी वाढलं.