तीन बॉड्या आणि पदकाची कड

आमच्या व्याह्यांइतका संशयी माणूस सातारा-सांगली दोन्ही जिल्हे धुंडाळले तरी सापडायचा नाही, आणि हे सांगणारा मी स्वतः काही भोळा नाही. ते लष्करात फोटो काढायच्या कामावर होते, आता कोयनानगरला राहतात. दूधवाल्यापासून सूर्यापर्यंत त्यांचा कुणावर भरवसा नाही. ऐन फोटोच्या वेळी ढग आला की म्हणतात, "ह्यो मघापासनं टपूनच बसला हुता." पण खरा संशय त्यांच्या तीन जुन्या रीळवाल्या कॅमेऱ्यांवर. मुंगीचे पाय मोजता येतील इतका जवळून आणि इतका लख्ख फोटो यायला हवा, हा त्यांचा हट्ट. त्यासाठी लेन्स एकच ठेवतात, मागची बॉडी तेवढी पालटतात, आणि एकाच ज्वारीच्या दाण्याचा तिन्हींवर फोटो काढतात. दाण्याला शाईची खूण, म्हणजे कुणी बदलला तर कळावं. पहिल्या बॉडीतला आरसा बटण दाबताच धाडकन उडतो, त्या हादऱ्यानं दाणा पुसट येतो. दुसरीत आरसा आधीच उचलून ठेवायची सोय आहे, पण तिच्या डोळा लावायच्या खिडकीतून दाणा धुक्यातल्यासारखा दिसतो. तिसरी दोन्ही बाबतीत चांगली, म्हणून तिच्यावर संशय सगळ्यात जास्त. "एवढी गुणाची हाय, तर मग पयल्या मालकानं इकली का?"

कॅमेऱ्याशेजारी ते पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवतात. कोयनेची जमीन कधी हलेल नेम नाही. पेल्यातलं पाणी थरथरलं की बटण दाबायचं नाही. एकदा पाणी हललं, व्याही हात वर करून म्हणाले, "भूकंप." मागून विहीणबाई म्हणाल्या, "च्या आणलाय."

तर अशा माणसाकडे मी आमच्या घरातलं पदक घेऊन गेलो. माझे आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघंही पलटणीत होते. पदक मात्र पहिल्यापासून आमच्या पेटीत. यंदा भावकीच्या जेवणात थोरल्यांचा नातू, माझा चुलतभाऊ, सगळ्यांदेखत म्हणाला, "ते आमच्या आज्याचं हाय, तुमी नुसतं सांभाळलंय." तेव्हापासून मला घास गोड लागेना. पदकाच्या कडेवर इंग्रजीत नाव कोरलेलं असतं. ते इतकं झिजलेलं, की भिंगातूनही दिसत नव्हतं. मी चार बुकं शिकलेला, तीही मराठी. म्हणजे नाव उमटलं तरी वाचणार व्याही. त्यांच्या वाचण्यावर भरवसा ठेवायचा, हे मला जड जात होतं. आणि पदक खरंच आमचं का, हा संशय त्यांनाही होताच.

त्यांनी पदक मेणावर उभं केलं, बाजूनं आडवा उजेड पाडला, तिन्ही बॉड्यांवर फोटो काढले आणि मोरीत अंधार करून धुतले. पहिला बघून म्हणाले, "आरसा हललाय." दुसऱ्याला, "नेम चुकला." तिसरा उजेडाला धरला, चष्म्याजवळ नेला, परत लांब धरला.

"हिची बी खात्री न्हाई, पाव्हणं. म्हसवडात एकाकडं चौथी बॉडी हाय, ती बगू."

"मला वाचता येत न्हाई, पर दिसतंय चांगलं," मी म्हणालो. "वाचा."

त्यांनी चष्मा पुसला. परत पुसला. "तुमच्या आज्याचं न्हाई. थोरल्याचं हाय."

मी पदक फडक्यात गुंडाळलं. माझ्याच आजोबांचं नाव सांगितलं असतं तर मी मानलं असतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या गावी उंब्रजला येऊन पदक चुलतभावाच्या हातावर ठेवलं. तो चहाला बसा म्हणाला. बसलो नाही.

गेल्या महिन्यात व्याही आमच्याकडे आले. इकडंतिकडं बघून त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्यात बांधलेला फोटो काढला. पदकाची पुढची बाजू. इंग्रजांच्या राजाच्या दाढीचा केस न् केस मोजावा असा. कधी काढला होता कोण जाणे, मला तर कळलंही नाही.

"आवं, आता ह्ये कशाला?" मी म्हणालो.

"लावा भिंतीवर," ते हळूच म्हणाले. "ह्या बाजूला नाव नसतंय."