पडद्यावर 'खूष'

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी माणसाच्या मनातलं ओळखणारा कॉम्प्युटर बनवला होता. निदान आमच्या गल्लीत तरी अशी बातमी होती, आणि ती पसरवणारे माझे वडील होते. धावडा या आमच्या गावची शेती भावांवर सोपवून ते जुन्या जालन्यात आडतीवर कामाला लागले होते. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला मालाच्या भावाआधी माझ्या प्रोजेक्टची माहिती मिळायची.

खरं म्हणजे तो बिचारा फक्त घाम मोजायचा. दोन बोटांना पत्र्याच्या पट्ट्या बांधायच्या, त्यांच्या वायरी कॉम्प्युटरच्या मागे जोडायच्या. बोटं ओलसर झाली की पडद्यावरची रेघ वर चढायची. माणूस हसला तरी चढायची, घाबरला तरी, चिडला तरी. हॉस्टेलवर मी मैत्रिणींना विनोद सांगून चाचण्या घेतल्या होत्या, म्हणून रेघ वर गेली की 'खूष' हा शब्द आणि एक हसरा चेहरा यायचा, खाली आली की 'शांत'. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना 'घाबरलेला' असं कोण दाखवणार? दिसायला छान म्हणून 'खूष' लिहिलं, मार्क मिळाले, विषय संपला.

त्याच उन्हाळ्यात मला पाहायला पाहुणे आले. एका कोपऱ्यात टेबलक्लॉथ पांघरून कॉम्प्युटर बसला होता आणि दुसऱ्या कोपऱ्यात साडी गुंडाळून मी. मला लग्न नको होतं. पुण्यात एका छोट्या कंपनीत याच कामाची नोकरी मिळत होती, ती हवी होती. घरात हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण विचारलं नव्हतं कुणी. आमच्याकडे पाहुण्यांसमोर मुलीनं बोलायचं नसतं, पण ते उठायच्या आधी काकू स्वयंपाकघरात येऊन तिला विचारते. मान हलवायची किंवा नको म्हणायचं, एवढाच मुलीचा वाटा. त्या एका प्रश्नावर माझी सगळी भिस्त होती.

मुलाच्या मामांनी माझं शिक्षण विचारलं आणि वडिलांना स्फुरण चढलं. मशीन मनातलं बरोबर सांगतं म्हणाले. मामा म्हणाले, दाखवा की मग. एरवी दुपारी आमच्याकडे लाईट म्हणजे देवदर्शन. त्या दिवशी मात्र लाईटबाई ठाण मांडून बसली होती.

मामांनी पट्ट्या माझ्याच बोटांना बांधायला लावल्या आणि विचारलं, मुलगा पसंत आहे का? खोलीभर माणसं, पण माझ्या तोंडाकडे कुणी बघत नव्हतं, सगळे पडद्याकडे बघत होते. लाजेनं माझं अंग नुसतं पेटलं. रेघ सरसर वर गेली. खूष. हसरा चेहरा उमटला, मामांनी टाळी वाजवली आणि मी पट्ट्या ओरबाडून आत पळाले.

काकू आली. तिनं काही न विचारता माझ्या तळहातावर साखर ठेवली आणि गालावरून हात फिरवला. तू मला विचारलं नाहीस, असं मी म्हटलं, तर हसली. आता काय विचारायचं, समद्यांनी बघितलं की, म्हणाली.

बाहेर तारखांची बोलणी सुरू झाली होती. साखर घामानं हाताला चिकटत होती. मशीन खोटं आहे म्हणावं तर गल्लीत वडिलांची मान खाली जाणार. गप्प बसावं तर माझं काय होणार ते दिसतच होतं. आणि रागवायचं तरी कुणावर, तो शब्द मीच टाइप केला होता. मी आयुष्यात इतकी ओशाळले नव्हते. शेवटी हात पदराला पुसून मी दारात जाऊन उभी राहिले.

"ते मशीन फक्त घाम मोजतं," मी म्हणाले. "खूष हा शब्द मी लिहिलाय. मला हे लग्न नकोय."

मुलगा पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. त्याचा काहीच दोष नव्हता आणि त्याच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही. पाहुणे निघून गेले. निघताना त्यांना कुणी 'या परत' म्हटलं नाही.

वडील कॉम्प्युटरसमोर बसले होते. पडद्यावर आता 'शांत' असं दिसत होतं. मी जवळ गेले आणि तुमची चार माणसांत शोभा केली, माझं चुकलं, असं म्हणू लागले. ते वायर हाताभोवती गुंडाळत राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"तुझं न्हाई चुकलं," ते म्हणाले. "चहाचा ट्रे घिऊन आल्तीस, तवाच मला दिसलं, तुला हे बिलकुल न्हाई पायजे. मंग ह्यानं खूष म्हणलं, अन् मला लई बरं वाटलं."