बसम्माची कळलावी आणि फक्कीची रिंगणं

देवणीजवळच्या त्या गावात बसम्माने एकदा मनावर घेतलं, की नवरा, ग्रामपंचायत आणि देव, तिघंही बाजूला सरकतात. गेल्या वर्षी तिने मनावर घेतली बांधावरची कळलावी. बाकी शिवारातली कळलावी कंद विकणाऱ्यांनी कधीच उपटून नेली होती. दसऱ्याच्या सुमारास जाळासारखी लाल-पिवळी फुलं यायची ती फक्त या सहा वेलांना, आणि रस्ता रुंद होणार होता तो नेमका याच बांधावरून.

वेल वाळल्याशिवाय कंद पक्का होत नाही, आणि वाळला की जमिनीवर खूण राहत नाही. म्हणून बसम्माने फुलं असतानाच प्रत्येक बुडाभोवती चुन्याच्या फक्कीचं पांढरं रिंगण मारलं. दिवाळी झाली की खणून परसात लावायचे.

"नवऱ्याभोवती कधी रिंगण मारलं न्हाई," सिद्रामप्पा म्हणाले.

"तुम्ही कुठं हरवता? जेवायच्या वेळेला उगवताच की."

दिवाळी झाली, वेल वाळले, आणि रस्त्याचा जेसीबी आला ठरल्याच्या दोन दिवस आधी. चालक मुज्तबाच्या लेखी फक्कीचं रिंगण म्हणजे खांबाचा खड्डा. त्याने सहाही खणले. सिद्रामप्पा शेजारी उभे राहून कौतुक करत होते.

बसम्मा धावत आली, तर कंदांचे तुकडे मातीत पसरलेले.

"मला वाटलं, मशीन तूच लावलंस," सिद्रामप्पा म्हणाले. "तू लावशील बी."

कंद विषारी, म्हणून बसम्माने दोन्ही हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि ती खड्ड्यात बसली. तिचे सासरे झाडपाल्याचं औषध द्यायचे. ते सांगायचे, जुन्या वैद्यकाच्या पोथ्यांत हिचं नाव लांगली, कारण कंद नांगरासारखा, दोन फाट्यांचा. कोंब फुटतो तो फाट्याच्या टोकालाच. मधलं तुटलं तरी चालतं.

"सहा कंदांची बारा टोकं," ती म्हणाली. "बारा सापडल्याशिवाय मशीन हलायचं न्हाई."

मुज्तबाने मुकाट इंजिन बंद केलं. "मावशी, एक पिशवी मला पण द्या."

दुपार कलेपर्यंत अकरा सापडली. बारावं जेसीबीच्या दातात अडकलेलं मुज्तबानेच काढून दिलं.

परसात लावताना बसम्माने फक्कीला हात लावला नाही. प्रत्येक टोकाभोवती विटा रचल्या. यंदा नऊ वेल वर आले, चारांना फुलंही आली. न उगवलेली तीन टोकं सिद्रामप्पांनी लावली होती, असं बसम्मा सगळ्यांना सांगते. सिद्रामप्पांना आठवत नाही.