प्रोसेसर तापायचा तेव्हा

नवऱ्याला मी 'अहो' म्हणायचे. लिहिताना आता 'तो' म्हणते, कारण घर सोडून गेलेल्या माणसामागे आदर लावत बसणं मला जमत नाही. सासूबाईंसमोर मात्र शेवटपर्यंत 'हे' आणि 'ते'च चालू ठेवलं. त्यांचा तो एकुलता एक मुलगा होता.

कॉम्प्युटर त्यानेच जोडला होता, लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा. इंदिरानगरच्या आमच्या दोन खोल्यांत, फरशीवर वर्तमानपत्रं पसरून. मदरबोर्ड एका दुकानातला, कॅबिनेट दुसऱ्यातलं, हार्ड डिस्क कुणा मित्राची जुनी. मी तळहातावर स्क्रू घेऊन बसले होते आणि तो न बघताच एकेक उचलत होता. स्क्रीनवर पहिली अक्षरं उमटली तेव्हा त्याने मला चक्क उचलून घेतलं, आणि सासूबाई स्वयंपाकघरातून येताना दिसल्या तसं घाईघाईने खाली ठेवलं. एवढी खूश मी त्या घरात पुन्हा कधी झाले नाही.

पुढे त्याला पुण्यात नोकरी लागली आणि तिथे त्याचं दुसरं घर झालं. भांडण नाही, आदळआपट नाही. मला निदान भांडायला तरी मिळायला हवं होतं. एका दिवाळीत आला, मान खाली घालून सगळं सांगितलं आणि कपाटातले आपले शर्ट पिशवीत भरले. आईला म्हणाला, "तू चल माझ्याबरोबर." सासूबाई नामपूरच्या, तोंडाने फटकळ. "मी काय येत नही. मनी सून आठे शे," म्हणाल्या, म्हणजे सून इथे तर त्याही इथेच, आणि लसूण सोलत बसल्या. त्या दिवशी त्यांनी भाजीपुरता नाही, महिनाभराचा लसूण सोलला.

मी शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी घरी मराठी टायपिंगची कामं घ्यायचे. पुढच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर मध्येच बंद पडायला लागला. अर्धं पान झालं की खट् करून स्क्रीन काळी. थोडा वेळ थांबलं की पुन्हा शहाण्यासारखा सुरू. आधी मला वाटलं, लोडशेडिंगची कृपा. पण दिवे तर चालू असायचे. शेवटी नाक मुठीत धरून पुण्याला फोन लावला.

माझी तब्येत कशी आहे हे त्याने तोवर एकदाही विचारलं नव्हतं. कॉम्प्युटरची मात्र खोदून खोदून चौकशी केली. किती वेळाने जातो, आधी आवाज येतो का, पंखा फिरतोय का. मग म्हणाला, "रविवारी येऊन बघतो." सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी शनिवारीच भरताची वांगी आणून ठेवली.

त्या रविवारी त्याने रॅम काढून खोडरबरने घासली, वायरी हलवून बघितल्या, जेवला आणि गेला. चार दिवसांत पुन्हा खट्. पुढच्या खेपेला त्याने सुरुवातीच्या निळ्या पडद्यावर प्रोसेसरचं तापमान उघडून दाखवलं. आकडा आमच्या डोळ्यांदेखत चढत होता. झाकण काढलं तर पंख्याखाली धुळीचा जाड थर. तो त्याने रंगाच्या ब्रशने काढला. आकडा जरा उतरला, पण पुरेसा नाही, म्हणून तो तिसऱ्यांदा आला. तेव्हा त्याने प्रोसेसरवरचा धातूचा ठोकळा उचलला. खालची पेस्ट वाळून तिचे पोपडे सुटले होते. ते पुसून त्याने पांढऱ्या पेस्टचा नवा पातळ थर दिला आणि मला समजावून सांगितलं की दोघांमध्ये जराशी जरी फट राहिली तरी उष्णता बाहेर पडत नाही, आतल्या आत साठते. मला काय काय बोलायचं होतं! पण सासूबाई समोर होत्या. मी म्हटलं, "असं होय."

खरं सांगायचं तर त्या रविवारांची मी वाट बघायला लागले होते. शनिवारी केस धुवायचे. राग यायचा स्वतःचा, तरी धुवायचे. तो जमिनीवर मांडी घालून बसला, हात पुढे केला आणि मी स्क्रू ठेवला की क्षणभर वाटायचं, पुणं बिणं सगळं झूट आहे. तो स्क्रू घेताना माझ्याकडे बघत नसे. पूर्वीही बघत नसे, पण ते वेगळं होतं.

पेस्टनेही भागलं नाही; पुढच्या खेपेला शेवटी दोष सापडला. पंखाच थकला होता, फिरत होता पण सावकाश. त्याने नवा बसवला. आकडा चढला, थांबला आणि तिथेच राहिला. तो लहान पोरासारखा खूश झाला. कॅबिनेट बंद करून मागच्या जाळीवर आईचा हात ठेवला आणि म्हणाला, "बघ, इथून गरम हवा बाहेर जाते. ही मोकळी राहिली पाहिजे." सासूबाईंनी बराच वेळ हात तिथेच धरून ठेवला. जाताना तो म्हणाला, "आता काही त्रास नाही द्यायचा." म्हणजे कॉम्प्युटर, असा मी त्याचा अर्थ लावला.

महिनाभर खरंच काही झालं नाही. आणि मग एके दिवशी पुन्हा खट्. मला आधी आनंद झाला, मग धडकी भरली. टेबल ओढून मागे बघितलं तर जाळीवर सासूबाईंचं जुनं लुगडं, चौपदरी घडी करून नीट खोचलेलं. वळून पाहिलं तर त्या पलंगावर बसून माझ्याकडेच बघत होत्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "तोंड तरी दखाले भेटस ना माले त्यानं."

फटकळ बाई ती, पण लेकाचं तोंड दिसावं एवढंच मागताना आवाज एवढासा झाला होता. मला रडू आवरलं नाही. मी लुगडं जागचं हलवलं नाही. पुण्याला फोन लावला आणि सांगितलं, परत बंद पडतोय, तुम्ही या.

 तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "जुना झाला गं तो. आणखी किती दिवस दुरुस्त करत बसायचं? मी नवा घेऊन देतो. इथूनच सांगतो दुकानात, माणूस येऊन लावून जाईल. मला सारखं यायला नको."

मी रिसीव्हर ठेवला.

"कव्हय येस तो?" सासूबाईंनी विचारलं.

"नवा कॉम्प्युटर पाठवतायत, आई. दुकानातला माणूस येऊन लावून देईल."

 पदराने तोंड पुसून त्यांनी विचारलं, "नवा बिघडस का नही, व माय?"

"नाही हो आई," मी म्हटलं. "नवे नाही बिघडत."