समासातली अक्षरं

“यात नवीन काय?” चष्मा कपाळावर सरकवून काका विचारायचे. समोर कुणाचा नवा फोन असो, नाहीतर माझ्या बायकोने केलेला मशरूमचा पुलाव. त्यांची सगळी नोकरी पेटंटचे अर्ज तपासण्यात सरली होती, त्यातही शेवटची बरीच वर्षं सॉफ्टवेअरचे. असे एक काका तुमच्याही सोसायटीत असतील.

दिल्लीत मयूर विहारला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ते आणि काकू राहायचे. संध्याकाळी पार्कातल्या बाकावर अर्जांचे किस्से निघायचे. एका कंपनीचा म्हणे दावा होता, माणूस काही पुसायला निघाला की संगणकाने त्याला ‘नक्की ना?’ असं विचारायचं, हा आमचाच शोध!

“माझी बायको तीस वर्षं हेच करतेय,” काका म्हणाले. “तेही विनापेटंट.”

“नक्की ना?” काकू म्हणाल्या. सगळा बाक हसला.

काकूंचे डोळे अधू झाले तेव्हा काकांनी त्यांना ई-रीडर आणून दिला. अक्षरं हवी तेवढी मोठी करता यायची. वाचता वाचता काकू त्यातच समासात आपली टिपणं टाइप करायच्या.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. काका नियमाचे पक्के. बँकेला कळवलं, गॅस एजन्सीला कळवलं, तसं ई-रीडरची पुस्तकं विकणाऱ्या कंपनीलाही कळवलं. चार दिवसांत ई-रीडर कोरा झाला.

त्यांनी फोन लावला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. पलीकडची मुलगी अदबीने म्हणाली, “सर, किताबों का सिर्फ लाइसेंस मिलता है. वो मैडम के नाम पर था.”

“किताबें आप रख लीजिए, बेटा,” काका म्हणाले. “किनारे पर जो उसने लिखा था, वो तो उसका था न?”

“सॉरी सर,” ती म्हणाली.

काकांनी तीच पुस्तकं छापील मागवली. काकूंची टिपणं आठवतील तशी पेन्सिलीने लिहायला बसले. मधूनच आमची बेल वाजवायचे. “अरे, या वाक्यावर ती चिडली होती ना?”

मला कुठून माहीत असणार? तरी मी म्हणायचो, “बिल्कुल, काका.” आज वाटतं, तेवढं खोटं बोलायला नको होतं.

पुढे काकांच्या मुलीने त्यांना फरीदाबादला नेलं. तिथेच ते गेले. इथून निघताना त्यांनी दिलेलं एक पुस्तक माझ्याकडे आहे. बहुतेक समास रिकामेच. एका पानावर मात्र बारीक अक्षरात लिहिलंय, ‘इथे ती हसली होती. का, ते आठवत नाही.’