सर्वधर्म मेळाव्यातली वरणाची बादली

तुमच्या शाळेत सगळ्या देशांच्या मुलांनी आपापल्या घरचा पदार्थ आणला, मिळून खाल्ला आणि तासाभरात कार्यक्रम आटोपला, असं तुम्ही परवा फोनवर सांगितलंत. मला आधी खरंच वाटेना. तासाभरात! आमच्याकडे तासाभरात नुसतं पाहुण्यांचं स्वागत होतं. तुम्ही विचारलंत, आजी, तुमच्याकडे असं काही व्हायचं का? व्हायचं. क्रमाने सांगते, कारण क्रम सोडला की मला सुचत नाही.

ज्या हिवाळ्यात मुंबईहून रोज दंगलीच्या बातम्या येत होत्या, त्या हिवाळ्यात बारामतीत काहीही झालं नाही. काही झालं नाही याचा गावाला इतका अभिमान वाटला, की पुढच्या वर्षी त्याचा मेळावा भरवायचं ठरलं. शांतता, सद्भावना, अध्यात्म, सर्व धर्म समान, असं सगळं एका कापडी फलकावर मावेल तितकं लिहिलं गेलं. मी तेव्हा भवानीनगरला राहत होते आणि हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. माझं अक्षर चांगलं आणि मी वेळेवर येते, या दोन दोषांपायी मला समितीची सचिव केलं.

अध्यक्ष होते काटेवाडीचे एक बागायतदार. सगळे त्यांना आबा म्हणत. मोठा माणूस, मनाचाही मोठा, आणि इतका सभ्य की त्यांच्याशी भांडायला कुठे पकडायचं हेच समजू नये. शिवाय कापडाचे व्यापारी असलेले जैन शेठजी, मशिदीतले मौलवीसाहेब, चर्चचे फादर, इंदापूरकडचे एक कीर्तनकार महाराज, आणि बौद्ध समाजाच्या वतीने माझी शेजारीण. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिलाही कुणी नावाने हाक मारत नसे, ती सगळ्या पंचक्रोशीची सिस्टर. त्या भागातली निम्मी बाळंतपणं तिच्या हातून झालेली.

पहिल्या दोन बैठका जेवणाच्या भाजीवर गेल्या. शेठजींना कांदा, लसूण, बटाटा चालत नव्हता. वांगंही चालत नव्हतं. महाराजांना गवारीने वात होत होता. फ्लॉवर आचाऱ्याला परवडत नव्हता. शेवटी सर्व धर्मांना चालणारी भाजी म्हणून लाल भोपळा एकमताने मंजूर झाला. ते भोपळे आबांच्याच रानातले होते, त्यामुळे आनंदाला पारावार राहिला नाही. भात, वरण, भोपळ्याची भाजी आणि बुंदी. मौलवीसाहेब मला हळूच म्हणाले, "बाई, भोपळ्यावर एवढं एकमत झालं, आता धर्म काय, सहज एक होतील."

तिसऱ्या बैठकीत मी विचारलं, पंगतीत वाढणार कोण?

"मी वाढते," सिस्टर म्हणाली. "मी आणि बाई. अजून चार-पाच बायका घेऊ."

सगळ्यांनी आबांकडे बघितलं. मग आबा हसले, अगदी प्रेमाने.

"आवो सिस्टर, तुमी कशापायी तरास घेता? तुमी पावण्या. तुमी स्टेजवर बसायचं."

"स्टेजवर नको आबा. मला वाढायचंय."

"आसं कसं? आमी तुमचा सत्कार करणार हाय. शाल, श्रीफळ, समदं."

"सत्कार दुसऱ्या कुणाचा करा. मला वाढायचंय."

"मंग दीप लावायचा मान तुमचा!" आबा म्हणाले, आणि महाराज, फादर, सगळ्यांनी माना डोलावल्या. वाढायचं काम एका तरुण मंडळाच्या पोरांना दिलं गेलं. "लिवा बाई," आबा मला म्हणाले, आणि मी लिहिलं. ती अजून दोनदा तेच बोलली असती तर आबांनी तिला अध्यक्ष करून स्वतः घरचा रस्ता धरला असता, पण वरणाची बादली काही तिच्या हातात दिली नसती.

परतीच्या एसटीत मी इतकी चिडले होते की कंडक्टरने दिलेलं तिकीट चोळामोळा करून टाकलं. ती मात्र खिडकीतून ऊस बघत बसली होती.

"अहो, तुम्ही सरळ विचारा ना त्यांना, का नको म्हणून?" मी म्हटलं.

"नको म्हणलंय का त्यांनी? न्हाय. मग भांडू कशाशी? शालीशी?"

"मग मी सांगते. आबांची दोन्ही नातवंडं तुमच्या हातांनी जगात आली. त्यांच्या तोंडात पहिलं बोट तुमचं गेलं. तेव्हा चालले हे हात?"

ती माझ्याकडे वळली. तिला एरवी राग येत नसे, तेव्हा आला. "त्यातलं एक अक्षर काढायचं न्हाय, बाई. बाळंतपण माझी नोकरी हाय. ती दाखवून वरण वाढायची परवानगी मागू व्हय?"

मग तिने सांगितलं. तिची आई मूळची लोणी भापकरची. लहानपणी गावातल्या लग्नांत मांडवाच्या कडेला भांडं घेऊन उभी राहायची, पंगती उठल्या की लोक वरून, हात न लागता, त्यात ओतायचे. पुढे ते सगळे बौद्ध झाले, मुलं शिकली, थोरला मुलगा बँकेत लागला, घर झालं. लग्नाच्या पंगतीत आता शेजारी बसवतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण मुलगी आबांसारख्यांच्या शेजारी समितीत बसते, हे सांगितल्यावर म्हातारी म्हणाली होती, "खुर्चीवर बसवत्यात गं. खुर्ची पुसता येती. तुझ्या हातचं खात्यात का ते बघ." तेवढंच सिस्टरला बघायचं होतं, आणि आईला दाखवायचं होतं.

मी पुढच्या बैठकीत विषय पुन्हा काढला. आबांनी तो विषय दोन मिनिटांत पुन्हा सत्कारावर नेला. चिखलात उभं राहून गाडी ढकलावी तसं माझं झालं होतं. नकार मिळाला असता तर मी त्याला उत्तर दिलं असतं. मिळत होता तो मान, आणि मानाला उत्तर देता येत नाही.

मेळाव्याचा दिवस रविवार होता. मी कार्यक्रमाचं वेळापत्रक टंकलिखित करून प्रत्येकाच्या खुर्चीवर ठेवलं होतं. त्या कागदांचा एकच उपयोग झाला, उन्हाळा सुरू झाला होता, सगळ्यांनी त्याने वारा घेतला. दीपप्रज्वलनाला वारा आडवा आला. पाच धर्मांच्या पाच वाती, एक लागली की दुसरी विझायची. शेवटी फादर, महाराज आणि मौलवीसाहेब समईभोवती पाठ करून भिंतीसारखे उभे राहिले आणि आत सिस्टरने काडी ओढली. दिवसभरात सर्व धर्म खरोखर कामाला आले ते तेवढ्याच वेळी. मी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर भाषणं. सर्व धर्म एकच गोष्ट सांगतात असं प्रत्येक वक्त्याने सांगितलं, आणि तीच गोष्ट सांगायची असेल तर एकानेच का सांगू नये हे कुणाला सुचलं नाही. महाराजांनी दोन अभंग घेतले. प्रमुख पाहुणे उशिरा आले, त्यामुळे त्यांचं स्वागत झालं आणि होऊन गेलेल्या भाषणांचा सारांशही सांगितला गेला. मग सत्कार सुरू झाले. मांडववाल्याचा सत्कार, स्पीकरवाल्याचा सत्कार, जागा देणाऱ्यांचा, भोपळे देणाऱ्या आबांचा. सिस्टर स्टेजवर लोकरीची शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन घामाने भिजत बसली होती. तिची आई समोर पहिल्या रांगेत, नऊवारीचा पदर डोक्यावरून घेऊन. म्हातारी सूत्रसंचालकाकडे बघतच नव्हती. ती शेजारच्या जेवणाच्या मांडवाकडे बघत होती.

ऊन कलायला लागलं तसे शेठजी अस्वस्थ झाले. सूर्यास्तानंतर ते जेवत नसत. मी मागून जाऊन आबांना सांगितलं, शेठजी उपाशी राहतील. आबांना ते अजिबात सहन होईना. पाहुणा उपाशी! त्यांनी शेठजींना हाताला धरून जेवणाच्या मांडवात नेलं. शेठजींना एकट्यालाच कसं बसवायचं म्हणून आबा शेजारी बसले. आबा बसले म्हणून मौलवीसाहेब बसले. ते बघून निम्मी सभा उठली आणि बघता बघता पंगत भरली. पत्रावळी मांडल्या गेल्या, द्रोण ठेवले गेले. आणि मग लक्षात आलं की वाढायला कुणीच नाही.

तरुण मंडळाची सगळी पोरं स्टेजच्या पायरीशी ओळीने उभी होती. का? तर वाढप्यांचाही सत्कार ठेवला होता. जेवणानंतर ठेवावा इतकीही अक्कल कुणाला नव्हती, आणि तो ठराव माझ्या गैरहजेरीत झाला होता. प्रमुख पाहुणे एकेकाला गुलाबाचं फूल देत होते, प्रत्येक फुलाला फोटो, प्रत्येक फोटोला थांबणं.

मी भाताचं घमेलं उचललं. इंग्रजी शिकवणाऱ्या बाईने भात वाढायला कुणाचीच हरकत नव्हती, पटापट भात पडला. वळून बघते तो सिस्टर स्टेजवरून खाली उतरत होती. शाल घडी करून तिने खुर्चीत ठेवली होती, शालीवर नारळ. मांडवात येऊन तिने पदर खोचला, हात धुतले, वरणाची बादली आणि ओगराळं उचललं, आणि पंगतीच्या तोंडाशी आली. तोंडाशी आबा.

आबांनी द्रोणावर हात आडवा धरला.

आपल्याकडे हा हात पुष्कळ अर्थांनी धरतात. पुरे म्हणून, थोडंच वाढा म्हणून, आग्रह करा म्हणूनही. आबांचा हात कशासाठी होता ते त्यांना सांगता येत नव्हतं, आणि इतके महिने सभ्यपणे वागल्यामुळे आता ते सांगायची सोयही राहिली नव्हती. "सिस्टर, आवो तुमी कशाला... पोरं येत्यात की आता," ते म्हणाले.

ती ओगराळं भरून द्रोणाच्या वर धरून उभी राहिली.

"आबा, सूर्य चालला," शेठजी कळवळून म्हणाले. "तुमचं झालं की माझ्याकडे येतील ना त्या!"

"हात काढा आबा," पलीकडून मौलवीसाहेब म्हणाले. "वरण गरम आहे. हाताला पोळलं तर दवाखान्यात पुन्हा सिस्टरच भेटणार."

पंगत हसली. आबाही हसले, आणि हसताना हात बाजूला झाला. तिने वाढलं. शेठजींना वाढलं, मौलवीसाहेबांना वाढलं, ओळ पुढे गेली. मी मात्र आबांकडेच बघत राहिले. त्यांनी भात कालवला, थोडा वेळ कालवतच राहिले, आणि मग खाल्ला.

आता सगळेच जेवले असं मी लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. ओळीच्या मधल्या भागातले काही जण बादली जवळ यायच्या आत उठले. त्यांना उपास आठवला. रविवारचा उपास मी तोपर्यंत ऐकला नव्हता, त्या दिवशी तो बऱ्याच जणांना एकदम लागला. भात पत्रावळीवर तसाच टाकून गेले. अन्नाची ती नासाडी बघून मला जे काय म्हणावंसं वाटलं ते मी इंग्रजीत, मनातल्या मनात म्हटलं.

सिस्टरने रिकाम्या जागा ओलांडल्या आणि पुढे वाढत गेली. शेवटी तिची आई बसली होती. म्हातारीने द्रोण तोंडाला लावला, मुलीकडे बघितलं, आणि आता काहीतरी हृदयाला भिडणारं ऐकायला मिळणार म्हणून मी घमेलं घेऊन थांबले.

"पातळ हाय," म्हातारी म्हणाली. "ढवळून वाढावं गं. नुसतं वरचं वरचं वाढत आलीस."

पुढच्या वर्षीच्या मेळाव्यासाठी समितीने एक सुधारणा केली. पंगत बंद, बुफे सुरू. वेळ वाचतो, आधुनिक पद्धत आहे, ज्याचं त्याने घ्यावं, कुणी कुणाला वाढायलाच नको. ठराव एकमताने मंजूर झाला, भोपळ्यासारखाच. मी एवढी वैतागले होते की सचिवपद सोडायचा अर्ज तिथेच लिहायला घेतला.

सिस्टरने मला थांबवलं. "बाई, पातेलं बघितलंय का तुमी आचाऱ्याचं? माणूस वाकला तर आत पडंल. भात ज्याचा तो घेईल, वरण कुणीतरी वाढावंच लागतंय." आणि मेळाव्याच्या दिवशी ती टेबलाच्या मागे पातेल्याजवळ जाऊन उभी राहिली. तिला कुणी तिथे नेमलं नव्हतं, आणि तिथून हलवायला त्या वर्षी एकही शाल शिल्लक नव्हती, कारण पहिल्याच वर्षी सगळे सत्कार करून झाले होते.

रांग लागली. काही ताटं वरण टाळून सरळ बुंदीकडे वळली, ती मी बघितली. आबा आले. त्यांचं ताट घेऊन ते पातेल्यासमोर उभे राहिले, आणि तिने ओगराळं बुडवल्यावर गळ्यात अडकलेलं काहीतरी काढावं तसे खाकरले. मला वाटलं, झालं, आता पुन्हा सत्कार.

"सिस्टर, वरचं पाणी नको," आबा म्हणाले. "जरा तळातनं घाला. दाट."